सगळ्यात हसरी लाइन

आमच्या गल्लीत कुणाला राग आला की तो दार आपटून आत जातो. तडतडी दार उघडून बाहेर येते. एवढा फरक ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल. मी शर्टांच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी होतो, ती आत शिवणकामाला होती, आणि राहायला आम्ही भिंतीला भिंत लावून. त्यामुळे तिचा राग मला दोन्हीकडून ऐकू यायचा, दिवसा फाटकातून आणि संध्याकाळी भिंतीतून. घरात रेडिओ घ्यायची गरज कधी पडली नाही.

खरं नाव निराळंच आहे, पण ते तिच्या नवऱ्यालासुद्धा आठवावं लागतं. तडतडी हे नाव पहिल्याच दिवशी पडलं. मी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, कार्ड?" तर म्हणते, "गळ्यात काय लटकलंय मग? घंटा? मी काय बैल आहे?" मागच्या बाया फिसकन हसल्या. एकजण म्हणाली, "आबा, तापल्या तव्यावर पाणी पडलं बघा, कशी तडतडतेय!" झालं, बारसं उरकलं. नवरा टेम्पो चालवतो. इतका मवाळ की हॉर्न वाजवला तर खाली उतरून माफी मागेल. देव जोड्या लावताना कधीकधी गंमत करतो.

तिच्या रागाचा एक मासला सांगतो, मग मुद्द्यावर येतो. एका सुपरवायझरने, बायका वेळ काढतात म्हणून, संडासाला कुलूप घातलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. बाया लाजून मागायच्या, कुणी मागायच्याच नाहीत, दिवसभर घोटभर पाणी प्यायच्या नाहीत. तडतडी मशीनवरून उठली आणि त्याच्यासमोर तळहात पसरून उभी राहिली. "चावी." तो पुढे चालला, ही मागे. तो चहाला गेला, ही चहाच्या टपरीपाशी. तो मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला, ही दारात, हात तसाच पसरलेला. मॅनेजरने विचारलं, "हिला काय पाहिजे?" सुपरवायझरला सांगायची सोय नव्हती. दुपारी चावी खिळ्याला टांगली गेली. तिला स्वतःला तेव्हा काही लागलीही नव्हती, ती शेजारणीसाठी उठली होती. तिचं असंच. स्वतःवर काही आलं की मिठाची गुळणी, आणि दुसऱ्यावर आलं की तोंडाचा पट्टा.

आता लाइन म्हणजे काय ते सांगायला हवं. शर्ट एकटी बाई शिवत नाही. एक कॉलर लावते, दुसरी बाही, तिसरी कफ, पुढे कुणी काज करते, कुणी बटण, आणि शेवटी बसलेल्या बाया कात्रीने धागे कापतात. तीसेक बाया एकामागे एक, त्यांची ती लाइन. मधली एक मागे पडली की तिच्यापुढे ढीग साठतो, पुढच्या रिकाम्या बसतात आणि सगळ्यांचं टार्गेट बुडतं. म्हणून आमच्या बायांचा एक न बोललेला रिवाज होता. शेजारणीचा हात चालत नसेल, तिला ताप असेल, रात्रभर पोर रडलं असेल, तर आजूबाजूच्यांनी तिच्या ढिगातलं बंडल ओढून घ्यायचं आणि आपल्या कामात शिवून टाकायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. सुपरवायझरला फक्त चालती लाइन दिसायची. याच रिवाजाने पुढे घात केला, पण थांबा, तो उलगडत जाईल.

तडतडीची नणंद तिच्याच शेजारच्या मशीनवर, कफला. राहायलाही तिच्याच घरी, कारण नणंदेचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवणारा. ही नणंद मोठी गुणी. तिला दिवस गेले तेव्हा तडतडीने तिच्या वाटचं पाणी भरलं, डबे उचलले, जिना चढताना मागून हात लावून चालली. सातव्या महिन्यात पोटातच बाळ गेलं. महिनाभराने नणंद कामावर परत आली, कफ पहिल्यासारखेच सरळ, पण ती कुठे पाहते ते कळायचं नाही.

कारखान्यात तेव्हा दर गुरुवारी एक बाई यायच्या. दारावर समुपदेशक असं लिहिलेलं होतं. तो शब्द काही कुणाच्या जिभेवर बसला नाही, आम्ही म्हणायचो गुरुवारच्या बाई. त्यांची खोली बटणांच्या कोठाराच्या मागे. ती जागा कुणी मुद्दाम निवडली की नशिबाने मिळाली, ठाऊक नाही, पण होती अस्सल सोयीची. बटणं आणायला कुणीही जातं. त्यामुळे कोण बटणांसाठी गेली आणि कोण रडायला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नणंद दर गुरुवारी बटणं आणायला जाऊ लागली. हळूहळू तिने केस नीट बांधायला सुरुवात केली. एकदा फाटकातून जाताना मला म्हणाली, "आबा, टोपी उलटी घातलीय." दोन महिन्यांत तिने स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी टोपी उलटी घातली याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मग आली पाटी.

माणसांचं खातं सांभाळणारे एक साहेब होते. बाया त्यांना मऊसाहेब म्हणायच्या. आवाज कसा, लोण्यात बुडवलेला. एका सोमवारी त्यांनी माझ्या फाटकाशेजारच्या भिंतीवर, पाण्याच्या नळांपाशी, काचेची एक पाटी ठोकून घेतली. माझ्यासारख्याने शाळेत दगडी पाटीवर गिरवलेलं, म्हणून मी तिला पाटीच म्हटलं, आणि सगळ्यांनी तेच धरलं. तिच्यावर पाच तोंडं. एक खदखदून हसणारं, एक हसरं, एक ना धड इकडचं ना तिकडचं, एक उतरलेलं आणि एक रडणारं, लाल. गळ्यातलं कार्ड लावायचं, पाटी गोड आवाजात विचारणार, "आज तुमचं मन कसं आहे?" आपण तोंड दाबायचं. पुसायचं आणि चार्ज करायचं काम माझ्याकडे.

मऊसाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ही तुमची मैत्रीण आहे. हिच्यापासून काही लपवू नका."

तडतडी मागून म्हणाली, "मैत्रीण भिंतीला ठोकतात होय?"

पाटी बोलकी का, तर पुष्कळ बायांना वाचता येत नव्हतं. विचार चांगला. पण ती बोलायची चौकात, जेवणाच्या सुट्टीत, मागे रांग उभी असताना! पहिल्या आठवड्यात नणंदेने कार्ड लावलं. ती खोटं बोलणारी नव्हे. विचारलं मन कसं आहे, तिने लाल तोंड दाबलं. आणि पाटी खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्हाला दुःख होत आहे हे समजून आम्हाला वाईट वाटलं. आता दीर्घ श्वास घ्या." नळाखाली भांडं भरून वाहत होतं, ते कुणी उचललं नाही. नणंद तिथेच उभी, आणि पाटी आपली सांगतेय, "श्वास सोडा. पुन्हा घ्या." आजही सांगताना माझं डोकं तापतं. त्या पाटीवर ओला फडका टाकावा असं वाटलं होतं, आणि टाकला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मऊसाहेबांनी नणंदेला बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "ताई, तुमची काळजी वाटते. अशा मनःस्थितीत मशीन चालवणं धोक्याचं. बोटात सुई गेली तर? काही दिवस धागे कापायला बसा. तुमच्या भल्यासाठीच." धागे कापायचा रोज कमी, हे भलं कुणाचं ते समजायला शाळा लागत नाही. लाइनीच्या शेवटी, म्हाताऱ्या बायांमध्ये तिला कात्री देऊन बसवलं. आता सगळ्यांना समजलं की पाटीवर दाबलेलं तोंड थेट साहेबांच्या टेबलावर जातं, नावासकट.

तडतडी मऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. बाहेरून फक्त तिचाच आवाज येत होता.

"बाळ गेलं तिचं, हात नाही गेले!"

मग लोण्याचं काहीतरी गुळमुळीत.

"काळजी? काळजी असती तर विचारलं असतंत. शिक्षा केलीत! उद्या कुणाच्या डोळ्यात पाणी दिसलं तर फाटकाबाहेर काढाल!"

पुन्हा लोणी. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने लाइनीतल्या सगळ्यांची कार्डं गोळा केली, गळ्यातल्या दोऱ्यांचा हा मोठा जुडगा हातात धरला आणि पाटीपाशी उभी राहिली. एक कार्ड, अंगठा, हसरं तोंड. दुसरं कार्ड, अंगठा, हसरं तोंड. "घे, मर," ती पाटीला म्हणत होती. "घे, हस. आणखी हस."

झालं, ते रोजचंच झालं. मागे पडलेलीचं बंडल ओढून घ्यायचं, तसंच हे. मन मागे पडलं तर तेही शेजारणीने शिवून टाकायचं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. बाया निवांत जेवू लागल्या. तडतडीचा डबा मात्र हातातच राहायचा.

इथे मला आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी आठवतात. तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी आम्हाला पढवलं, साहेब काहीही विचारोत, सगळ्यांनी एका सुरात "हो साहेब" म्हणायचं. साहेब आले. "मुलांनो, रोज शाळेत येता का?" "हो साहेब!" "अभ्यास करता का?" "हो साहेब!" साहेब खूश. जाता जाता सहज विचारलं, "आणि गुरुजी तुम्हाला मारतात का?" "हो साहेब!" गुरुजींचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. सांगायचं काय, की पढवलेल्या उत्तराला कुठे जायचं ते कळत नसतं. ते सरळ जातं आणि भलत्याच्याच घरात शिरतं.

आमच्या लाइनीचं उत्तर शिरलं बटणांच्या कोठारामागच्या खोलीत. एका गुरुवारी नणंद कात्री ठेवून तिकडे गेली, तर दाराला कुलूप. कोठारवाला म्हणाला, बाई बंद झाल्या, आता त्या खोलीत रिकामी खोकी ठेवायचीत. संध्याकाळी मऊसाहेबांनी फळ्यावर कागद लावला. पाटीवरून दिसतं की कामगारांची मनं उत्तम आहेत, सबब गुरुवारच्या बाईंची गरज उरलेली नाही. खाली मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ होती. सगळ्यात हसरी लाइन म्हणून तडतडीची लाइन निवडली गेली होती, आणि वरून पाहुणे येऊन तिला ढाल देणार होते.

मी कागद वाचून दाखवला. तडतडीने दोनदा वाचायला लावला. मग तिने आपल्या उजव्या अंगठ्याकडे असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून तिच्या हाताला शिवला गेलाय.

पुढचे दिवस वाईट होते. भिंतीपलीकडून आवाज येईनासे झाले, यावरून काय ते ओळखा. नणंद जेवायची नाही. कात्री हातात धरून बसून राहायची, धागे पुढ्यात तसेच. म्हाताऱ्या बाया तिचा ढीग गुपचूप कापून टाकायच्या. एका संध्याकाळी तडतडी भाजी चिरत होती, नणंद शेजारी बसलेली. हळू म्हणाली, "वहिनी, झोपले आणि उठलेच नाही तर बरं, असं वाटतं हल्ली."

विळी थांबली. मग तडतडी ओरडली, घाबरली की ती ओरडतेच. "मग बोलायचं नाही का, वन्सं! एवढं पोटात ठेवून बसलात! सांगायचं नाही का कुणाला!"

आणि त्या मुलीचा आवाज चढला. जन्मात पहिल्यांदा. भिंतीतून मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"कुणाला सांगू? एकदा सांगितलं तर धागे कापायला बसवलं. बाई होत्या त्या गेल्या. आणि तू? तू रोज माझं कार्ड घेऊन माझ्या वतीनं हसतेस. रोज! एकदा तरी विचारलंस मला, वन्सं, हसू का म्हणून?"

मी इकडे चहाचा कप हातात घेऊन उभा, तो निवला. मग तडतडीचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, खाली बसलेला. "नाही विचारलं." मग थोड्या वेळाने, "चुकलंच माझं ते." आणि मग, "पण आता मी तुम्हाला एकटं सोडायची नाही, शिव्या घातल्या तरी."

त्या दिवसापासून घरातलं कुणीतरी सतत नणंदेबरोबर. मवाळ नवऱ्याने टेम्पोचा एक दिवस बुडवून बहिणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. सकाळपासून रांग, दुपारी डॉक्टरांचं दर्शन. डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांनी औषध लिहून दिलं, आणि म्हणाले, "नुसत्या गोळीवर राहू नका, हिला कुणीतरी नेमानं ऐकणारं हवं. इथे माझ्याकडे दोन महिन्यांनी नंबर लागेल. तुमच्या कारखान्यात बाई येतात ना? त्यांच्याकडेच चालू ठेवा." नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, तेव्हा तडतडी हसली. ते हसू ऐकून मी भिंतीपासून बाजूला झालो.

ढालीचा दिवस आला. चौकात सतरंजी, खुर्च्या, टेबलावर फुलदाणी. सकाळी बाया फाटकातून आत येत होत्या आणि तडतडी माझ्या केबिनपाशी उभी राहून एकेकीला अडवत होती.

"आज कार्ड मी घेणार नाही. ज्याचं त्यानं. आणि जे आहे तेच दाबायचं."

कॉलरवाली घाबरली. "अगं, लाल दाबलं तर आम्हालाही धागे कापायला बसवतील."

"अख्ख्या लाइनीला? मग शर्ट काय मऊसाहेब शिवणार? त्यांना सुईत दोरा ओवता येतो का बघ आधी."

"आणि तुला काढून टाकलं तर?"

"तर तुमचे कान निवतील."

बाया हसल्या, पण हसता हसता एकमेकींकडे पाहत होत्या. काय ठरलं, ठरलं की नाही, ते मला कळेना. नणंद मागे उभी होती.

पाहुणे आले. वरच्या ऑफिसातले एक जाडजूड गृहस्थ, सारखं घड्याळाकडे पाहणारे, आणि पाटी बनवणाऱ्यांच्याकडून एक तरुण मुलगी, पाठीला पिशवी, उत्साहाने डोळे चमकणारे. मऊसाहेब म्हणाले, "आता आपली हसरी लाइन आपल्यासमोर पाटी वापरून दाखवील." एकेक या, असं त्यांनी हाताने खुणावलं.

तडतडी पहिली गेली. कार्ड लावलं, लाल तोंड दाबलं. पाटी म्हणाली, "तुम्हाला दुःख होत आहे हे समजून आम्हाला वाईट वाटलं. आता दीर्घ श्वास घ्या." तडतडीने श्वास घेतला नाही. बाजूला झाली.

कॉलरवाली पुढे आली. लाल. "आम्हाला वाईट वाटलं." बाहीवाली, उतरलेलं तोंड. काजवाली, लाल. "दीर्घ श्वास घ्या." बटणवाली, लाल. "श्वास सोडा." पाटीला दम म्हणून मिळेना. मध्येच एकीने खदखदून हसणारं तोंड दाबलं. सगळ्या तिच्याकडे रोखून पाहू लागल्या. ती कावरीबावरी होऊन म्हणाली, "खरं ते दाबा म्हणालात ना? माझा नवरा महिनाभर गावाला गेलाय. माझं झकास चाललंय." चौकभर हशा झाला, पाहुणी मुलगीसुद्धा हसली. पण पुढची आली, लाल. तिच्या पुढची, लाल. हशा आपोआप विरला.

मऊसाहेब घाम पुसत म्हणाले, "यंत्र बिघडलेलं दिसतंय."

ती मुलगी पाटीपाशी जाऊन बघून आली. "नाही सर. यंत्र बरोबर चाललंय."

"यंत्र आजच बरोबर चाललंय!" तडतडी म्हणाली. "इतके दिवस माझा अंगठा चालत होता. तीस बायांचं हसू मी एकटी हसले. का हसले, विचारा यांना! जिनं खरं सांगितलं तिला यांनी मशीनवरून उठवलं."

मुलीच्या चेहऱ्यावरची चमक गेली. तिने मऊसाहेबांना विचारलं, "कुणी काय दाबलं हे तुम्हाला नावानिशी कसं कळलं?"

"तुम्हीच तर दिलंत," मऊसाहेब म्हणाले. "आम्ही मागितलं, तुम्ही दिलंत."

"सुरक्षेसाठी हवं म्हणाला होतात."

तडतडी तिच्याकडे वळली. मला वाटलं, पोरीला सोडील. कसली सोडते! "आणि तू दिलंस? कुणाची सुरक्षा, एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती? माझ्या नणंदेचं दुःख तू या माणसाच्या टेबलावर वाढून दिलंस, आणि वर तिला सांगतेस श्वास घे! श्वास तर ती घेतेच आहे, बाई! तेवढाच उरलाय तिच्याकडे!"

ती मुलगी पांढरी पडली. उलट बोलली नाही, हे मात्र तिचं मानलं पाहिजे. म्हणाली, "मावशी, पाटी बाईंच्या जागी नव्हतीच. लाल तोंड आलं की ते फक्त बाईंना कळावं, गुरुवारची वाट न पाहता बाईंनी त्या माणसाला बोलवावं, यासाठी होती. असंच ठरलं होतं. बाई आहेत ना?"

"खोकी आहेत त्यांच्या खोलीत," मागून नणंद म्हणाली. तेवढंच.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ पाटी आल्यावर फाटकापाशी उभं राहून डोळ्यांनी पाहिला. पण त्या दिवशी तोंडं उघडली होती. वरच्या ऑफिसातले गृहस्थ उठले. "यावर नंतर बसून बोलू. आता सगळ्यांनी कामाला लागा, माल आज सुटायचाय."

कुणी हललं नाही. तडतडी म्हणाली, "माल सुटेल. बाई कधी येणार ते सांगा, मशीन सुरू करतो. पाटीवरचं नाव तुमच्याकडे येणार नाही असं सांगा. आणि हिला कफवर बसवा. ज्याला पाटी नको त्याला नको, ज्याला हवी त्यानं दार लावून दाबावी. एवढंच. ढाल ठेवा तुमच्याकडे, आमच्याकडे खिळा नाही."

गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर उभ्या मालाच्या गाडीकडे पाहिलं. दुःखाने हलतील असे ते दिसत नव्हते, गाडीने हलले. "ठीक आहे," म्हणाले. तडतडी म्हणाली, "ठीक आहे म्हणजे कधी?" शेवटी त्यांनी पुढच्याचा पुढचा गुरुवार सांगितला, आणि ती पाहुणी मुलगी तिथेच जमिनीवर बसून पिशवीतून आपलं यंत्र काढून पाटीतली नावं पुसू लागली. मऊसाहेब तिला हळूच म्हणाले, "हे नंतर करता आलं असतं." तिने मान वर न करता उत्तर दिलं, "नाही आलं असतं."

सगळं गोड झालं असं समजू नका. मऊसाहेब अजून त्याच खुर्चीवर आहेत आणि आवाज अजून तसाच लोण्याचा. तडतडीला महिन्याभरात दुसऱ्या हॉलमध्ये टाकलं, जिथे छत पत्र्याचं आहे आणि पंखा एकच. ती रोज तिथून येताना भट्टीतून काढलेल्या विटेसारखी दिसते आणि रोज भांडते. पण नणंद परत कफवर बसली, आणि गुरुवारच्या बाई आल्या. पाटी भिंतीवरून निघून त्यांच्या खोलीत गेली, आवाज बंद करून. मी एकदा त्यांना विचारलं, ही बला ठेवली कशाला? तर म्हणाल्या, "आबा, बला ती नाही हो. मी गुरुवारी येते. सोमवारी कोण बुडतंय ते मला कोण सांगणार? आता ती सांगते, आणि मला एकटीलाच सांगते." मला ते पटलं. तडतडीला अजून पूर्ण पटलेलं नाही, ती पाटीकडे साप पाहावा तशी पाहते.

पहिल्या गुरुवारी नणंद आत गेली तेव्हा तडतडी सुट्टी टाकून कोठाराबाहेर उभी होती. मी फडकं घेऊन तिथली खिडकी पुसत होतो, तशी ती स्वच्छच होती. दार बराच वेळ बंद. कोठारवाला खोक्यांसाठी दार ठोकायला निघाला, तर तडतडीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो खोकी विसरून गेला.

नणंद बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल. तडतडी पुढे झाली.

"काय झालं? काय बोललात? काय म्हणाल्या बाई?"

नणंदेने नाक पुसलं. "ते तुला कशाला सांगू, वहिनी?"

तडतडीचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं. मी फडकं खाली ठेवलं, म्हटलं आता पडणार ठिणगी. ती तशीच उभी राहिली, उघडं तोंड घेऊन, आणि मग तिने ते मिटलं.

"नका सांगू," ती म्हणाली. "पण जेवणार आहात का, तेवढं तरी सांगा!"

"जेवीन."

"मग चला ना! उभ्या काय राहिलात!"